सदोष नोंदींचा शोध : संगणकीय याद्यांची छाननी कशी करावी?

निवृत्तिवेतनधारकांच्या एका यादीतील पत्त्यावर पाठविलेले पत्र काही काळापूर्वी माझ्या टेबलावर परत आले. पत्ता स्वच्छ छापलेला होता : मुलुंड (पश्चिम), मुंबई ४०० ०८१. चूक ध्यानात येण्यास मला बराच वेळ लागला. मुलुंड पश्चिमेचा पिन क्रमांक ४०० ०८०. शेवटच्या शून्याच्या जागी एक पडला की पत्र रेल्वेमार्ग ओलांडून पूर्वेस जाते. यादी संगणकाने तपासली आहे, असे मला अगोदरच सांगण्यात आले होते आणि ते खरेही होते. क्रमांक सहा अंकी होता, मुंबईचा होता आणि अस्तित्वात असलेल्या डाकघराचा होता. संगणकास जे विचारले गेले त्याचे उत्तर त्याने बरोबर दिले होते. शेजारच्या रकान्यातील ‘पश्चिम’ या शब्दाशी क्रमांकाचा मेळ बसतो काय, हे त्याला कोणी विचारलेच नव्हते.

शिधापत्रिका, शाळेचा पट, शिष्यवृत्ती, निवृत्तिवेतन, सातबारा हे सारे आज संगणकातील तक्त्यांत साठविलेले असते. अशा परस्परसंबद्ध तक्त्यांच्या संग्रहास डेटाबेस म्हणतात. त्याची रचना आपल्या परिचयाच्या नोंदवहीसारखीच असते. एका व्यक्तीची अथवा एका गट क्रमांकाची एक ओळ आणि त्या ओळीत नाव, वय, पत्ता, खाते क्रमांक असे रकाने. एखाद्या ओळीतील मजकूर ठरवून दिलेल्या नियमांत बसत नसेल, तर ती ओळ सदोष. अशा ओळी शोधून काढणारा एक स्वतंत्र घटक संगणकप्रणालीत बसविता येतो. तो लावण्याचे तांत्रिक काम तज्ज्ञाचे असले, तरी नियम कोणते, हे ठरविण्याचे काम मात्र ज्याला त्या विषयाची माहिती आहे त्याचे, म्हणजे तलाठ्याचे, मुख्याध्यापकाचे, ग्रामसेवकाचे आहे. प्रत्यक्षात हे काम बहुधा तज्ज्ञावरच सोडून दिले जाते आणि तेथेच घोटाळ्यास प्रारंभ होतो.

घटकास प्रथम मूळ तक्ता दाखवावा लागतो. मग प्रत्येक रकान्याचे नियम सांगावे लागतात आणि शेवटी बाहेर पडण्याच्या दोन वाटा नेमून द्याव्या लागतात. नियमांत बसणाऱ्या ओळी एका तक्त्यात जातात, न बसणाऱ्या दुसऱ्या. या दुसऱ्या तक्त्यात मूळ नोंदीचा क्रमांक, मोडलेल्या नियमाचा क्रमांक, कारण आणि तपासणीचा दिनांक असलाच पाहिजे. ‘१२४ ओळी सदोष’ एवढेच सांगणारा अहवाल कोणाच्याच कामाचा नसतो. मूळ तक्त्यास या घटकाने हात लावता कामा नये, हेही पथ्य पाळावे लागते.

नियम कसे लिहावेत?

सर्वांत साधा नियम आकाराचा. पिन क्रमांक सहा अंकी असावा, हा त्यातलाच. पिन क्रमांकाची ही पद्धत देशात १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. तिचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे कवी होते, ही गोष्ट मराठी वाचकांना सुखावणारी आहे. मात्र ‘४०० ने आरंभ होणारा क्रमांक मुंबईचा’ असा नियम कोणी घातला, तर तो फसतो. कारण मुलुंडचा नाका ओलांडल्यावर लागणाऱ्या ठाण्याचा क्रमांकही ४०० ६०१ असाच आहे. दहिसरपलीकडे मीरा रोडला गेल्यावर मात्र ४०१ लागतो. म्हणून आकारावर न थांबता क्रमांक अधिकृत यादीशी ताडून पाहावा लागतो.

आधार क्रमांकाची गोष्ट अधिक मनोरंजक आहे. बारा अंकांपैकी शेवटचा अंक हा आधीच्या अकरा अंकांवरून गणिताने काढलेला असतो. ही रीत वेरहूफ या डच गणितज्ञाने १९६९ मध्ये मांडली. एक अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट पडले, तर हिशेब जुळत नाही आणि चूक तत्काळ उघड होते. परंतु क्रमांक शुद्ध असला, तरी तो त्याच माणसाचा आहे, हे या हिशेबाने कळत नाही.

बँकेच्या शाखेचा आयएफएससी संकेतांक अकरा अक्षरांचा असतो आणि त्यातील पाचवे स्थान शून्याचे असते. तेथे शून्याऐवजी इंग्रजी ‘ओ’ हे अक्षर टंकले जाते आणि पैसे अडतात. खाते क्रमांक तर आकड्यांच्या रकान्यात ठेवूच नयेत, ते मजकूर म्हणून ठेवावेत. नाहीतर आरंभीची शून्ये गळतात. शिवाय काल बरोबर असलेली ओळ आज सदोष होऊ शकते. देना बँक आणि विजया बँक १ एप्रिल २०१९ रोजी बँक ऑफ बडोदात विलीन झाल्या आणि १ मार्च २०२१ पासून त्यांचे जुने संकेतांक चालेनासे झाले. त्या ओळींना कोणी स्पर्शही केला नव्हता.

येथे एक बारकावा सांगितला पाहिजे, कारण तो अनेकांच्या नजरेतून निसटतो. वयाची मर्यादा २१ ते ६५ असलेल्या योजनेसाठी ‘२१ पेक्षा कमी किंवा ६५ पेक्षा अधिक वय असेल ती ओळ बाद’ असा नियम लिहिला, तर वयाचा रकाना रिकामा असलेली ओळ त्यात सापडत नाही. रिकाम्या जागेची तुलना केली असता संगणक ‘होय’ म्हणत नाही आणि ‘नाही’ही म्हणत नाही. ‘अज्ञात’ असे तिसरेच उत्तर येते आणि ओळ निर्दोषांच्या रांगेत जाऊन बसते. यास्तव ‘वय भरलेले आहे काय?’ हा नियम स्वतंत्र आणि आधी लिहावा.

उपनगराचा धडा

नियमच चुकीचा असेल तर काय होते, याचे उत्तम उदाहरण मुंबई उपनगर जिल्हा आहे. १ ऑक्टोबर १९९० रोजी हा जिल्हा वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या ९३,५६,९६२ होती. तालुके मात्र तीनच : अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला. मुलुंड आणि घाटकोपर ही मोठी उपनगरे कुर्ला तालुक्यात मोडतात, हे तेथील अनेक रहिवाशांना ठाऊक नसते. साहजिकच अर्ज भरणारा तालुक्याच्या जागी ‘मुलुंड’ लिहितो. ही ओळ नियमाने सदोष आहे, पण माणूस खोटे बोललेला नाही.

याच्या उलट प्रकार ग्रामपंचायतीचा. राज्यभरासाठी आखलेल्या तक्त्यात ‘ग्रामपंचायतीचा रकाना रिकामा नसावा’ असा नियम घातला, तर मुंबई उपनगराची प्रत्येक ओळ बाद होईल. या जिल्ह्यात ग्रामपंचायत नाही. तेथे रिकामा रकाना हीच बरोबर नोंद होय. ‘माहिती नाही’ आणि ‘लागू नाही’ यांना वेगवेगळी खूण देणे उत्तम. एखाद्या नियमाने संपूर्ण जिल्हाच बाद ठरविला, तर दोष त्या जिल्ह्यात नसून नियमात आहे, अशी शंका प्रथम घ्यावी. म्हणून नवा नियम आधी थोड्या ओळींवर चालवून पाहणे श्रेयस्कर.

काळाचेही भान ठेवावे लागते. १ ऑगस्ट २०१४ पूर्वी पालघर जिल्हा नव्हता, त्यामुळे त्याआधीच्या नोंदीत वसईचा जिल्हा ठाणे असणे हेच योग्य. नियमास आरंभाची आणि समाप्तीची तारीख असावी ती यासाठी. लिपीच्या खोड्या निराळ्याच. ‘मुलुंड’ आणि ‘मुलूंड’, ‘घाटकोपर (प.)’ आणि ‘घाटकोपर पश्चिम’ यांत संगणकास काही नाते दिसत नाही. ‘दुसऱ्या’मधील ऱ्या तर दोन निरनिराळ्या पद्धतींनी टंकता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच, संगणकास भिन्न. तुलनेपूर्वी लेखन एकसारखे करून घेतले नाही, तर एकच स्त्री यादीत दोनदा येते, किंवा दोन याद्यांत असूनही सापडत नाही.

ओळ बाजूला काढल्यानंतर

या साऱ्यातील खरा प्रश्न येथे आहे. सदोष ठरलेल्या ओळीमागे कोणाचे तरी अन्न, औषध अथवा शाळेतील जागा असते. मुख्यमंत्री-माझी लाडकी बहीण योजना जून २०२४ मध्ये जाहीर झाली. दरमहा १,५०० रुपये, वय २१ ते ६५, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाख रुपयांपर्यंत, असे तिचे निकष ठरले. अन्य विभागांच्या माहितीशी यादी ताडून पाहिली असता सुमारे २६ लाख ३४ हजार लाभार्थी अपात्र आढळल्याचे महिला व बालविकास मंत्र्यांनी जुलै २०२५ मध्ये जाहीर केले. काही जण एकाहून अधिक योजनांचा लाभ घेत होते, काही कुटुंबांत दोनपेक्षा अधिक लाभार्थी होते, तर काही ठिकाणी पुरुषांनीच अर्ज केले होते. जून २०२५ पासून त्यांचा लाभ तात्पुरता स्थगित करण्यात आला आणि जिल्हाधिकाऱ्यांमार्फत पडताळणीअंती पात्र ठरणाऱ्यांना तो पुन्हा देण्याचे ठरले.

यातील ‘तात्पुरता’ हा शब्द फार मोलाचा आहे. दोन तक्ते ताडून जे हाती येते तो संशय असतो. निर्णय तपासणीनंतर व्हावयाचा असतो. ‘एकाच पत्त्यावर दोनपेक्षा अधिक लाभार्थी’ असा नियम बंगल्यांच्या वसाहतीत शोभेल. घाटकोपरच्या टेकडीवरील दाट वस्तीत किंवा एखाद्या चाळीत, जेथे वीस बिऱ्हाडांचा टपालाचा पत्ता जवळजवळ एकच असतो, तेथे तो प्रामाणिक माणसांनाच संशयित ठरवील. म्हणून नियमांची विभागणी ‘अशक्य’ आणि ‘शंकास्पद’ अशी करावी. जमिनीच्या नोंदीत शंभर आर म्हणजे एक हेक्टर. तेव्हा हेक्टरशेजारच्या आरच्या रकान्यात १२५ असणे अशक्य. एकाच भ्रमणध्वनीवर चार अर्ज असणे केवळ शंकास्पद, कारण वस्तीत वाचता येणारी मुलगी एकच असू शकते.

सातबाराच्या संगणकीकरणात हा विवेक दिसून आला. गटाचे एकूण क्षेत्र आणि खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज जुळत नसलेल्या ओळी संगणकाने वेगळ्या काढल्या. पण कोणाचे क्षेत्र कमी करावे, हे त्याने ठरविले नाही. गावोगाव चावडी वाचन झाले, खातेदारांनी आपली नोंद कानांनी ऐकली. लेखनप्रमादाची दुरुस्ती जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५५ नुसार तहसीलदारांच्या आदेशाने होते. शाळांच्या बाबतीत ऑक्टोबर २०११ मधील पटपडताळणी मोहिमेत अधिकारी प्रत्यक्ष वर्गांत जाऊन मुले मोजत होते.

शिक्षकांना एक गोष्ट सांगावयास नको. पन्नाशी ओलांडलेल्या असंख्य मराठी माणसांची जन्मतारीख कागदोपत्री १ जून आहे. जन्माची नोंद नसली की शाळाप्रवेशाच्या वेळी गुरुजी ती तारीख घालीत. कोणताही नियम ती सदोष ठरविणार नाही आणि ठरवूही नये. त्या तारखेवर त्या माणसाचे शिक्षण, नोकरी आणि निवृत्ती उभी आहे.

परत आलेल्या पत्रानंतर त्या यादीसाठी एक नवा नियम लिहून घेतला : पिन क्रमांक आणि पूर्व-पश्चिम यांचा मेळ. त्याने मुलुंडच्या ओळी तर काढल्याच, घाटकोपरच्याही काढल्या. तेथे पूर्वेस ४०० ०७७ आणि पश्चिमेस ४०० ०८६. त्यांतील एका वृद्ध बाईंना दूरध्वनी केला. त्यांचा पिन क्रमांक पश्चिमेचा होता आणि पत्त्यात ‘पूर्व’ लिहिले होते. क्रमांक दुरुस्त करून टाकावा, असे आमच्या सहकाऱ्याने सुचविले होते. बाई म्हणाल्या, क्रमांक बरोबर आहे. पूर्वेस मुलीकडे त्या दोन वर्षे राहिल्या, आता पुन्हा पश्चिमेस आपल्या खोलीत आल्या आहेत.