जब्या-पिऱ्याची दोस्ती आणि शाळेचा बाक

आमच्या नाशिक जिल्ह्यातल्या त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला. त्याच नाशकात २ मार्च १९३० रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू झाला. मंदिराचे दार आम्हाला बंद होते आणि पडद्यावरही आमचे पोर नायक म्हणून कुठे दिसत होते?

म्हणूनच नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' आम्हाला आमच्या घरचा सिनेमा वाटतो. १४ फेब्रुवारी २०१४ ला, ऐन प्रेमदिनी तो प्रदर्शित झाला आणि चर्चा झाली ती जब्या-शालूची. शेवटच्या दगडावरही पुष्कळ लिहिले गेले. पिऱ्याकडे मात्र फारसे कोणी पाहिले नाही!

जब्या कैकाडी समाजाचा. 'फँड्री' म्हणजे त्यांच्या बोलीत डुक्कर. गाव त्याला याच नावाने चिडवते. अशा जब्यासोबत गलोल घेऊन काळ्या चिमणीमागे रानोमाळ भटकतो तो पिऱ्या. सोमनाथ अवघडे आणि सूरज पवार या मुलांनी ही दोस्ती अशी उभी केली आहे की डोळे पाणावतात. सोमनाथला सर्वोत्कृष्ट बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो उगाच नव्हे.

पण बांधवांनो, ही दोस्ती गोड मानून आम्ही घरी जायचे काय? अख्ख्या वर्गात जब्याला जिवाचा मित्र एकच का? शाळेच्या भिंतीवर फुले, बाबासाहेब आहेत, पण बंधुता भिंतीवरून बाकावर उतरलेली नाही. संविधानाच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. मात्र 'याच्याशी मैत्री कर' असा हुकूम कोणतेही न्यायालय देऊ शकत नाही. कायदा फार तर दोन मुलांना एका बाकावर आणू शकतो.

ते काम २००९ चा शिक्षण हक्क कायदा करतो. खासगी शाळांच्या प्रवेशवर्गात वंचित व दुर्बल घटकांसाठी किमान २५ टक्के जागा त्याने राखल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने, एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळांना यातून सूट दिली. म्हणजे जब्याने जब्याच्याच शाळेत बसावे! जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही अधिसूचना रद्द केली.

बाक वाचला, पण तो भरायचा आम्हालाच आहे. वस्तीतल्या विहारात मुलांना हा सिनेमा दाखवा. तिथेच त्यांच्या पालकांचे प्रवेश अर्ज भरून घ्या. आणि आपल्या पोरांना रोज विचारा : वर्गात एकटे कोण बसते? उद्या तू त्याच्याजवळ बस.