फीचा दाखला आणि चाळीस हजारांची पॉलिसी

मार्च महिना आला की आमच्या शाळेच्या कार्यालयाबाहेर पालक फीच्या दाखल्यासाठी उभे असतात. "मॅडम, टॅक्ससाठी पाहिजे," एवढंच सांगतात. त्यातले नोकरीवाले कशासाठी ते थोडंफार जाणतात. ज्यांचा स्वतःचा धंदा आहे ते मात्र सीएने किंवा एजंटाने सांगितलं म्हणून आलेले असतात.

यंदा अशीच एक आई आली. घरी शिवणकाम करते, लग्नसराईत रात्री दोनपर्यंत मशीन चालू असते. पतीचं छोटं गॅरेज आहे. दोन मुलं आमच्याकडे, तिसरं प्ले-ग्रुपला आणि दुपारी पाळणाघरात. तिने मला सरळ प्रश्न विचारला, "मॅडम, पाळणाघराचे पैसे टॅक्समध्ये धरत नाहीत का? ते दिल्याशिवाय मला मशीनवर बसताच येत नाही."

प्रश्न अगदी रास्त आहे. पण उत्तर 'नाही' असंच आहे. धागा, अस्तर, मशीनची दुरुस्ती हा आपल्या कायद्याने धंद्याचा खर्च; मूल सांभाळणाऱ्या बाईचा पगार हा घरखर्च. ब्रिटनमध्ये पात्र आईबापांनी पाळणाघरासाठी खात्यात 8 पौंड भरले की सरकार त्यात 2 पौंड घालतं, स्वतःचा धंदा असला तरीही. आपल्याकडे तसं काही नाही. बायकांनी घरातून धंदे करावेत असं सगळेच म्हणतात, तेव्हा मूल कोण सांभाळणार हेही कुणीतरी विचारायला हवं होतं.

मुलांच्या नावाने मिळणारी सवलत आहे ती शिक्षण शुल्काची, कलम 80 सी खाली. तिच्या अटी नीट समजून घ्या. एका पालकाला दोनच मुलांची फी धरता येते. पण आई आणि वडील दोघे कर विवरणपत्र भरत असतील आणि ज्याने त्याने आपल्या पैशातून फी भरली असेल, तर दोघांना वेगवेगळ्या दोन-दोन मुलांची धरता येते. नर्सरी आणि प्ले-स्कूलही यात येतं. पावतीवरचं फक्त शिक्षण शुल्क मोजलं जातं. विकास निधी, देणगी, बस, वह्या-पुस्तकं, गणवेश नाही. खासगी क्लास नाही, आणि घरी कुरआन शिकवायला येणाऱ्या उस्तादांचा हदियाही नाही. यतीम पुतण्याची फी भरणाऱ्या चाचांना सवाब मिळेल, इन्शाअल्लाह, पण ही सवलत नाही. मूल स्वतःचं असावं लागतं. विमा, पीपीएफ, फी सगळं मिळून वर्षाची मर्यादा 1 लाख 50 हजार.

आता त्या आईची खरी अडचण. तिची वर्षाची कमाई सुमारे 5 लाख 40 हजार. एका एजंटाने कागदावर हिशेब मांडून दाखवला: इतक्या कमाईवर 21,320 रुपये कर बसतो, 40 हजारांची विमा पॉलिसी घेतली की कर शून्य. ओव्हरलॉक मशीनसाठी साठवलेले 40 हजार तिने भरून टाकले.

तो हिशेब चुकीचा नव्हता, पण अर्धाच होता. तो जुन्या कर पद्धतीचा. त्या पद्धतीत करपात्र उत्पन्न 5 लाखांपर्यंत आलं की कर माफ होतो, हे खरं. पण तिने आमच्या शाळेत दोन मुलांचं शिक्षण शुल्कच 42 हजार भरलं होतं! म्हणजे जुन्या पद्धतीतही पॉलिसीची गरज नव्हती. आणि नव्या पद्धतीत 2025-26 या वर्षासाठी 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर करच नाही. तिथे फीही धरत नाहीत आणि विमाही धरत नाहीत, धरायची गरजच पडत नाही. आता आपोआप लागू होते ती हीच पद्धत.

धंदेवाल्यांनी इथे एक गोष्ट सांभाळावी. नोकरदार दरवर्षी पद्धत बदलू शकतो. धंदेवाल्याला जुनी पद्धत हवी असेल तर मुदतीच्या आत 10-आयईए हा फॉर्म भरावा लागतो, आणि एकदा तिकडे गेल्यावर नव्या पद्धतीत परत येण्याची संधी एकदाच मिळते. एजंटाच्या हिशेबासाठी ती संधी खर्च करू नका.

कर शून्य असला तरी विवरणपत्र भराच. छोट्या धंद्याला कलम 44 एडी खाली वह्यांचा पसारा न मांडता उलाढालीच्या किमान 8 टक्के, बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या रकमेवर 6 टक्के नफा दाखवता येतो. खरी कमाई जास्त असेल तर जास्तच दाखवावी. ती अमानत आहे, आणि उद्या मशीनसाठी किंवा गाळ्यासाठी बँकेत गेलात तर हाच कागद बघतात.

विमा जायज की नाजायज यावर उलेमांमध्ये मतभेद आहेत, त्यात मी पडत नाही. पण ज्यांच्या मनात शंका आहे, त्यांनी केवळ कर वाचवायला, तोही न बसणारा कर, पॉलिसी का घ्यावी?

मी तिला विचारलं, "आपा, पॉलिसीचे कागद कधी आले?" म्हणाली, बारा दिवस झाले. कागद हातात आल्यापासून 30 दिवसांत पॉलिसी परत करता येते. तिथेच माझ्या टेबलावर बसून आम्ही अर्ज लिहिला. मुद्रांक वगैरे किरकोळ रक्कम कापून बाकीचे पैसे तिला मिळाले. फीचा दाखलाही तिने नेला. पतीच्या सीएला दाखवते म्हणाली, त्यांची कमाई जास्त आहे.