पाठीच्या कण्याची शस्त्रक्रिया : रुग्णाची चिंता, परिचारिकेची नजर



परवा उज्जैनला टावर चौकात एक ओळखीचे शेतकरी कुटुंब भेटले. वडिलांच्या मणक्याची शस्त्रक्रिया ठरली होती. ते आम्हाला म्हणाले, "पाय जाणार तर नाहीत ना? सोयाबीन काढायला कोण उभे राहील?" अशा प्रत्येक रुग्णाच्या मनात वेदना, पांगळेपणा आणि घरचे काम, हीच काळजी असते.

परिचारिकेची नजर मात्र दुसरीकडे असते. पायाची बोटे हलतात का, स्पर्श कळतो का, लघवी झाली का, जखमेची पट्टी कोरडी आहे का, हे ती पुन्हा पुन्हा पाहते. रुग्णाला वाटते, ही उगाच झोपमोड करते. पण नसेवर दाब आला तर तो लवकर कळावा, म्हणून ही धडपड असते. पावले हलवायला सांगते, ती पोटरीत रक्त साकळू नये म्हणून. कुशीवर वळवताना ओंडक्यासारखे खांदे व कंबर एकदम वळवते, ती कणा पिळला जाऊ नये म्हणून.

दोघांचेही खरे आहे; फक्त बोलणे व्हायला हवे. दुःख देवाला अर्पण करावे, पण परिचारिकेपासून लपवू नये. वेदना दाबून ठेवणारा खोल श्वास घेत नाही, चालत नाही आणि बरे व्हायला उशीर लागतो.

शस्त्रक्रियेपूर्वीच विचारून घ्या : कधी बसायचे, शौचाला उकिडवे बसावे की खुर्ची लागेल, पोते केव्हा उचलायचे, ट्रॅक्टर केव्हा चालवायचा. बिडी सोडा, बिडीने हाड जुळायला वेळ लागतो.

घरी आल्यावर ताप आला, जखमेतून पाणी किंवा पू आला, पोटरी सुजून दुखू लागली, पायातली शक्ती कमी झाली, बैठकीची जागा बधिर झाली, किंवा लघवी अडली वा नकळत होऊ लागली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा.

संत कामिल यांच्या पायाची जखम जन्मभर बरी झाली नाही, तरी त्यांनी आजाऱ्यांची सेवा केली. पोप लिओ तेरावे यांनी १८८६ साली त्यांना आजाऱ्यांचे, तर पोप पायस अकरावे यांनी १९३० साली परिचारिकांचे आश्रयदाते ठरवले. खाटेवरचा आणि खाटेशेजारचा, दोघांचा संत एकच. मग त्या दोघांनी एकमेकांशी मोकळेपणाने का बोलू नये?