अटलांटिकच्या तळावरची बिस्मार्क

विहिरीची खोली आपण परसांत मोजतो. आठ-दहा परस विहिरीत वाकून पाहिले तरी डोळे फिरतात. आता एक परस सहा फुटांचा धरा आणि अडीच हजार परसांहून खोल पाणी डोळ्यांसमोर आणा. त्या पाण्याच्या तळाशी एक अख्खी लढाऊ बोट उभी आहे. आपल्या राज्यातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई. अशी तीन कळसूबाई एकावर एक रचून त्या जागी ठेवली, तर सर्वांत वरचे टोक तेवढे पाण्याबाहेर डोकावेल. फ्रान्सच्या ब्रेस्ट बंदरापासून पश्चिमेला सुमारे साडेसहाशे किलोमीटरवर, ४७९० मीटर खोलीवर, जर्मनीची 'बिस्मार्क' ही युद्धनौका १९४१ सालच्या मे महिन्यापासून तशीच आहे.

या नौकेवर जेम्स कॅमेरॉन यांनी २००२ साली 'एक्स्पिडिशन : बिस्मार्क' नावाचा अनुबोधपट काढला. 'टायटॅनिक' हा गाजलेला बोलपट काढणारे कॅमेरॉन ते हेच. त्यांनी या वेळी नट-नट्या घेतल्या नाहीत. खऱ्या पाणबुड्या घेतल्या, बिस्मार्कवरून जिवंत परतलेले दोन वृद्ध जर्मन खलाशी सोबत घेतले आणि साठ वर्षे चाललेल्या एका वादाचा निकाल लावायला ते समुद्रावर निघाले. वाद असा, की बिस्मार्क इंग्रजांनी बुडवली, की जर्मनांनी स्वतःच बुडू दिली?

वाद नीट समजायला आधी हकिगत ऐकली पाहिजे.

बिस्मार्क हॅम्बुर्गला बांधली. लांबी २५१ मीटर, रुंदी ३६ मीटर. पंधरा इंची तोंडाच्या आठ तोफा, आणि कमरेभोवती ३२० मिलिमीटर, म्हणजे फूटभर जाडीचे पोलादी चिलखत. माणसे बावीसशेच्या वर. त्यांतली कितीतरी विशीच्या आतबाहेरची पोरे. इंग्लंडला धान्य, तेल, दारूगोळा सारे समुद्रावरून येत असे. ती जहाजे अडवून इंग्लंडची उपासमार करायची हा हेतू. ॲडमिरल ल्युटयेन्स यांच्या हुकमतीखाली मे १९४१ मध्ये ही नौका 'प्रिन्झ ऑयगन' या जोडीदार नौकेसह बाहेर पडली.

आइसलँड आणि ग्रीनलँड यांच्यामधल्या सामुद्रधुनीत २४ मेच्या पहाटे इंग्रजांच्या 'हूड' आणि 'प्रिन्स ऑफ वेल्स' या नौकांनी तिला गाठले. हूड म्हणजे इंग्रज आरमाराचा मानबिंदू. शाळेतल्या पोरांना तिचे नाव पाठ असायचे. लढाईला दहा मिनिटेही झाली नसतील, तोच हूडच्या मागच्या दारूकोठाराचा स्फोट झाला, तिचे तुकडे झाले आणि ती दिसेनाशी झाली. तिच्यावर १४१८ माणसे होती. वाचले तिघे! बर्फासारख्या पाण्यात छोट्या तराफ्यांना धरून ते तरंगत राहिले. झोप लागली की मरण, म्हणून त्यांच्यातला एक जण गाणी म्हणून बाकीच्या दोघांना जागे ठेवत होता. दोन-तीन तासांनी एका विनाशिकेने त्यांना उचलले. तिने आणखी माणसे मिळतील म्हणून पाणी पालथे घातले, पण कोणी नव्हते.

बिस्मार्कलाही गोळे लागले होते. तेल गळू लागले, म्हणून ल्युटयेन्स यांनी फ्रान्सचा किनारा धरला. मध्ये एक दिवसाहून जास्त वेळ ती इंग्रजांना चकवून नाहीशीच झाली होती. २६ मेला एका विमानाने तिला पुन्हा हेरले. आणखी एक रात्र गेली असती तर ती जर्मन विमानांच्या छायेत पोचली असती.

पुढचा भाग मला सर्वांत नवलाचा वाटतो. 'आर्क रॉयल' या विमानवाहू नौकेवरून जी विमाने सुटली, ती 'स्वोर्डफिश' जातीची. दोन मजली पंखांची, कापडाने मढवलेली, त्या काळातसुद्धा जुनाट समजली जाणारी. दुपारी त्यांनी चुकून आपल्याच 'शेफील्ड' नौकेवर हल्ला केला! नशीब असे, की त्यांच्या पाणतीरांचे चुंबकी घोडे बिघडलेले निघाले. काही पाणतीर वाटेतच फुटले आणि शेफील्ड वाचली. त्या फजितीतून घोड्यांतला दोष कळला. संध्याकाळी दुसऱ्या, आदळल्यावर फुटणाऱ्या घोड्यांचे पाणतीर लावून विमाने पुन्हा निघाली. एक पाणतीर बिस्मार्कच्या मागच्या अंगाला लागला आणि तिचे सुकाणू एका बाजूला अडकून बसले. फूटभर चिलखताची, जगाला धडकी भरवणारी ती नौका वेसण तुटलेल्या जनावरासारखी भलतीकडेच वळू लागली. कापडी विमानाने केलेले हे काम.

दुसऱ्या दिवशी, २७ मेला, सकाळी पावणेनऊच्या सुमारास 'रॉडनी' आणि 'किंग जॉर्ज द फिफ्थ' यांनी तोफा सुरू केल्या. सुमारे २८०० गोळे झाडले. त्यांतले चारशेच्या आसपास लागले असे मानतात. अर्ध्या-पाऊण तासातच बिस्मार्कच्या मोठ्या तोफा गप्प झाल्या. वरचे मजले जळत होते, तरी नौका तरंगतच होती. शेवटी १० वाजून ३९ मिनिटांनी ती कलंडली व बुडाली.

शेकडो माणसे तेलाने माखलेल्या पाण्यात होती. 'डॉर्सेटशायर' या इंग्रज क्रूझरने दोर सोडले. हात तेलाने निसटत, थंडीने बोटे वळत नसत. तरीही इंग्रज खलाशी ओढून ओढून घेत होते. तीनच दिवसांपूर्वी हूड बुडाल्याचे दुःख ताजे असतानाही घेत होते. इतक्यात पाणबुडी दिसल्याचा इशारा झाला. उभे राहिलेले जहाज म्हणजे पाणबुडीला आयते सावज. डॉर्सेटशायरने इंजिन सुरू केले, आणि दोरांना लोंबकळणारी, पोहत जवळ येणारी माणसे मागे राहिली. सारे मिळून ११५ जण पाण्याबाहेर निघाले. त्या कप्तानाने बरोबर केले की चूक, हे घरात बसून ठरवायला आपण कोण? हीच डॉर्सेटशायर वर्ष पुरे व्हायच्या आत, ५ एप्रिल १९४२ रोजी, आपल्या हिंदी महासागरात श्रीलंकेच्या दक्षिणेकडे जपानी विमानांनी बुडवली.

बूट राहिले, माणसे नाहीत

बिस्मार्क शोधली ती रॉबर्ट बॅलर्ड या अमेरिकन शास्त्रज्ञाने. टायटॅनिक शोधणाऱ्यांतला १९८५ सालचा प्रमुख तोच. एवढ्या मोठ्या सागरात एक बोट शोधायची कशी? बॅलर्डची पद्धत शेतकऱ्याला लगेच कळेल. कॅमेरे बसवलेली एक लोखंडी घसर जहाजामागे काही किलोमीटर लांबीच्या तारेने तळाजवळून ओढत न्यायची, आणि नांगराच्या तासाशेजारी तास धरावा तसा समुद्राचा तळ पट्ट्यापट्ट्याने तपासायचा. नौका शोधायची नाही, तिचा सांडलेला माल शोधायचा; कारण बुडताना पडलेल्या वस्तू दूरवर पसरतात. १९८८ चा सारा हंगाम फुकट गेला. सापडले ते एका जुन्या शिडाच्या जहाजाचे अवशेष. दुसऱ्या वर्षी, ८ जून १९८९ रोजी, बिस्मार्क सापडली. त्या मोहिमेत बॅलर्डचा तरुण मुलगाही काम करीत होता. घरी परतल्यावर काही आठवड्यांतच तो मोटार-अपघातात गेला. शोधाचा आनंद बापाला लाभला नाही.

पडद्यावर दिसले ते असे. विझलेल्या ज्वालामुखीच्या उतारावर बिस्मार्क सरळ उभी आहे. बुडताना ती उलटी झाली, तेव्हा केवळ आपल्या वजनावर बसलेले चारही मोठे तोफबुरूज गळून पडले. मग ती पाण्यातच पुन्हा सुलटी झाली, तळावर आपटली आणि चिखलाची दरड घेऊन उतारावरून घसरत गेली. मागचे टोक तुटले आहे. लाकडी डेक कितीतरी ठिकाणी शाबूत, आणि त्यावर रंगवलेले स्वस्तिकचिन्हही ओळखू येत होते. आजूबाजूला बूट पडलेले. कमावलेले कातडे टिकते. शरीर, हाडे, कपडे सारे समुद्र खाऊन टाकतो. बॅलर्डने तिथली एकही वस्तू वर आणली नाही आणि जागेचा नकाशाही जाहीर केला नाही. जर्मनी ती जागा युद्धातील मृतांची दफनभूमी मानते.

कॅमेरॉन यांनी मात्र आत डोकवायचे ठरवले. 'केल्डिश' या रशियन संशोधन-जहाजावरच्या 'मीर' नावाच्या दोन पाणबुड्या त्यांनी वापरल्या. मीर म्हणजे दोन मीटरच्या आसपास पोकळी असलेला जाड पोलादी गोळा. आत तीन माणसे गुडघे दुमडून बसतात. खाली जायलाच तास न् तास लागतात. उजेड वरच संपतो. तळाशी पाण्याचा दाब किती? आपल्या अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर ज्वारीची पाच पोती ठेवली तर जेवढा भार होईल, तेवढा. काचेला केसाएवढी चीर गेली तर आतल्यांना ओरडायलाही उसंत नाही. अशा ठिकाणाहून त्यांनी तारेने चालणारे इवलेसे कॅमेरा-यंत्र सोडले. ते फुटलेल्या भोकांतून आत शिरले, आणि वर जहाजावर बसलेल्या त्या दोन म्हाताऱ्या खलाशांनी तरुणपणी जिथे दिवस काढले, ते अंधारे भाग उजेडात आले. मला विचाराल तर पाणबुड्यांपेक्षा या दोघांचे चेहरेच पाहण्यासारखे आहेत.

आता वादाचा निकाल. कॅमेरॉन यांच्या मंडळींनी चिलखताची बाजू फिरून तपासली. चारशे गोळे लागूनही मुख्य पट्टा आरपार भेदला गेल्याच्या जागा त्यांना दोनच दिसल्या. पाणतीरांनी बाहेरचे कवच फाडले होते, पण आतली पाणतीर-रोधक भिंत जिथे पाहता आली तिथे शाबूत होती. खालच्या अंगाच्या लांबच लांब चिरा तळावर आपटून पडल्या असे त्यांचे मत. बॅलर्डनेही पूर्वी असेच म्हटले होते : नौकेत हवेचे मोठे पोकळ कप्पे राहिले असते, तर पाण्याच्या दाबाने ती पत्र्याच्या डब्यासारखी चेपली असती. तशी ती चेपलेली नाही. म्हणजे बुडण्यापूर्वीच ती पाण्याने भरली होती. इंजिनखान्यातले अधिकारी गेरहार्ड युनाक बचावले होते. त्यांनीही सांगून ठेवले होते, की नौका शत्रूच्या हाती पडू नये म्हणून वरून हुकूम झाला आणि आपण सुरुंग लावले.

पण दुसरी बाजूही आहे. डेव्हिड मर्न्स या शोधकाने २००१ साली बिस्मार्क पाहिली होती. त्याच्या मते त्या चिरांची सुरुवात पाणतीरांनीच केली. घसरताना त्या वाढल्या एवढेच. सुरुंग लावले नसते तरी नौका बुडणारच होती, थोडा वेळ अधिक लागला असता.

आमच्या दृष्टीने गोष्ट एवढीच. वडाचा बुंधा शेजाऱ्यांनी तीन वाटे कापला, फांद्या तोडल्या, आणि शेवटचा दोर मालकाने ओढला, तर झाड पाडले कोणी? दोन्ही देशांचे अभिमानी लोक यावर भांडत राहतील. इंजिनखान्यात जे अडकले, त्यांना दोन्हींत फरक पडला नाही.

हूडची घंटा

याच मर्न्सने जुलै २००१ मध्ये हूडही शोधली. ती सुमारे २८०० मीटरवर, तुकड्यातुकड्यांत विखुरलेली आहे. तिचे सुकाणू डावीकडे वीस अंश वळलेले सापडले. म्हणजे शेवटच्या क्षणी वळण्याचा हुकूम सुटला होता, आणि तो पाळलाही गेला होता. साठ वर्षे जी गोष्ट फक्त जगलेल्यांच्या तोंडी होती, ती लोखंडाने खरी केली.

वाचलेल्या तिघांपैकी टेड ब्रिग्ज तेव्हा ७८ वर्षांचे होते. बुडताना अठराचे होते. ते त्या मोहिमेच्या जहाजावर गेले. मृतांच्या नावांची यादी बसवलेला एक फलक समुद्रतळावर ठेवायचा होता. त्याची कळ त्यांनी आपल्या हाताने दाबली.

खोल पाणी या नौकांना राखते, हेही खरे. हूडबरोबर लढलेली 'प्रिन्स ऑफ वेल्स' डिसेंबर १९४१ मध्ये मलायाजवळ जपान्यांनी बुडवली. ती उथळ पाण्यात आहे, आणि तिचे पोलाद चोरून भंगारात विकणाऱ्या टोळ्या तिथवर पोचल्या. २०२३ साली मलेशियाच्या अधिकाऱ्यांनी एक चिनी जहाज अडवले, त्यावर जुने लोखंड आणि न फुटलेले तोफगोळे निघाले. आपल्याकडे रात्री विहिरीवरची मोटार किंवा वायर पळवणारे भेटतात, ही त्यांची समुद्रावरची जात.

हूडच्या अवशेषांना इंग्लंडच्या कायद्याचे संरक्षण आहे. काहीही उचलायला सरकारी परवानगी लागते. ब्रिग्ज यांची एकच इच्छा होती, की नौकेची घंटा तेवढी वर आणावी. ते २००८ साली वारले. २०१२ चा पहिला प्रयत्न खवळलेल्या समुद्राने हाणून पाडला. ऑगस्ट २०१५ मध्ये पॉल ॲलन या अमेरिकन उद्योगपतीच्या जहाजाने ती घंटा वर काढली. साफ करून ती पोर्ट्समथच्या आरमारी संग्रहालयात ठेवली आहे. २४ मे २०१६ रोजी, हूड बुडाल्याला बरोबर ७५ वर्षे झाली त्या दिवशी, मृतांच्या नातेवाइकांसमोर राजकन्या ॲन यांनी ती वाजवली.