भिंतीवरचा फोटो तांबडा का होतो?

पोलादपूर सोडून कशेडीचा घाट चढू लागले, की वाटेवरच्या घरांत ओटीवर अनेकदा दोन फोटो शेजारी टांगलेले आढळतात. आजोबांचा कृष्णधवल फोटो पन्नास वर्षे झाली तरी स्पष्ट असतो. नातवाचा, घरच्याच प्रिंटरवर छापलेला रंगीत फोटो मात्र दोन-तीन वर्षांतच तांबूस पडतो. असे का होते, हे आपण पाहू.

जुना कृष्णधवल फोटो चांदीच्या सूक्ष्म कणांचा बनलेला असतो. घरच्या प्रिंटरमधील रंगीत शाई बहुधा पाण्यात विरघळणाऱ्या रंगद्रव्याची असते. या रंगद्रव्याचा रेणू तुटला, की त्याचा रंग संपतो. प्रिंटरमध्ये काळ्याशिवाय तीन शाया असतात: आकाशी, किरमिजी आणि पिवळी. आकाशी शाई पांढऱ्या प्रकाशातील तांबडा भाग शोषून घेते. ती नाहीशी झाली, तर तांबडा प्रकाश अडवायला कोणी उरत नाही आणि चेहरा तांबूस दिसतो. तसेच किरमिजी गेली तर फोटो हिरवट, पिवळी गेली तर निळसर. म्हणजे दिसणारा रंग वाढलेला नसतो. त्याच्या विरुद्ध रंगाची शाई कमी झालेली असते.

एवढे कळले, की निदान अर्धे झाले. आता विचारावे: फोटो छापतानाच असा होता की नंतर बिघडला? छापतानाच तांबूस असेल तर प्रिंटरची तपासणी-पट्टी छापून पाहावी. आकाशी रेघा तुटक आल्या तर त्या शाईची छिद्रे बुजली आहेत. प्रिंटर बरेच दिवस बंद राहिला, की असे हमखास होते. आठवड्यातून एक रंगीत पान छापणे हा साधा उपाय. रेघा अखंड असतील तर संगणकावर निवडलेला कागदाचा प्रकार आणि प्रत्यक्ष घातलेला कागद जुळतो का, ते पाहावे. ही चूक फार सर्रास होते, आणि दोष मात्र शाईला दिला जातो!

फोटो नंतर विटला असेल तर प्रकाश आणि हवा हे मुख्य संशयित. २००० साली एप्सन कंपनीच्या काही प्रिंटरांवरील फोटो थोड्याच काळात नारिंगी होऊ लागल्याच्या तक्रारी आल्या. कारण निघाले हवेतील ओझोन. झटपट वाळणाऱ्या चकचकीत कागदाच्या थरात सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांतून शाई आत जाते, तशी हवाही जाते, आणि ओझोन आकाशी रंगद्रव्य तोडतो. काच लावली तर हवा बरीच अडते. म्हणून शाळेत झेरॉक्स यंत्राजवळ उघडा फोटो लावू नये. अशी काही यंत्रे थोडा ओझोन सोडतात.

आपल्या भागात तिसरा संशयित आहे दमटपणा. येथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. ओलसर कागदावर शाई पसरते, बुरशी धरते, फोटो काचेला चिकटतो. छापलेला फोटो एक दिवस वाळू द्यावा. फोटो व काच यांमध्ये पुठ्ठ्याची चौकट ठेवून फट राखावी.

वर्गात करून पाहण्याजोगा एक प्रयोग आहे. एकाच चित्राच्या चार प्रती छापा. एक उन्हाच्या खिडकीत उघडी, एक तिथेच काचेमागे, एक सावलीत उघडी आणि एक वहीत बंद ठेवा. दर महिन्याला मुलांनी तुलना करून कोणती शाई गेली ते ओळखावे.

ओल्या फोटोंचे वेगळे. २२ जुलै २०२१ च्या पुरात महाडच्या घराघरांत पाणी शिरले. अशा पाण्यात रंगद्रव्याची शाई ओघळून जाते. न विरघळणाऱ्या रंगकणांची शाई अधिक तग धरते. स्टुडिओतील जुने फोटो मुळात पाण्यातच धुतलेले असल्याने बरेचदा वाचवता येतात. ते ओले असतानाच एकमेकांपासून सोडवावेत, स्वच्छ थंड पाण्यात अलगद बुडवून चिखल काढावा आणि चित्राची बाजू वर ठेवून सावलीत वाळवावेत. गठ्ठा तसाच वाळला, तर मग तो सुटत नाही.