थंडीत मासा कुठे जातो?
खारं-गोडं पाणी : लेखांक ११ — टॅम्पा खाडी, फ्लोरिडा

गेल्या लेखांकात पाहिलेल्या खाड्यांमध्ये मासळीचं वेळापत्रक पाऊस ठरवत होता. आजच्या खाडीत ते थंडी ठरवते. फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, मेक्सिकोच्या आखाताला तोंड करून असलेली टॅम्पा खाडी ही त्या राज्यातली उघड्या पाण्याची सर्वांत मोठी खाडी. क्षेत्रफळ सुमारे हजार चौरस किलोमीटर, आणि सरासरी खोली मात्र जेमतेम साडेतीन-चार मीटर. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात उत्तरेकडच्या बर्फाळ राज्यांतली माणसं इथे उबेला येतात आणि त्यांतली पुष्कळशी एखादा दिवस चार्टर बोट घेऊन गळ टाकायला निघतात. हिवाळ्यात मासा लागतो का, असं प्रत्येक जण विचारतो. लागतो. काही जातींचा तर उन्हाळ्यापेक्षा सहज लागतो. मासा या दिवसांत इतका सोपा का होतो, ते आज समजून घेऊ. कारण ज्या गोष्टीमुळे तो आपल्या गळाला लागतो, तीच त्याच्या जिवावर बेतलेली असते.

चार्टरचा व्यवहार थोडक्यात सांगतो. लहान बोटीचा परवानाधारक कॅप्टन जास्तीत जास्त सहा गिऱ्हाइकं नेऊ शकतो. गळ, दोरी, आमिष, बर्फ सगळं त्याचंच, आणि मासेमारीचा परवानाही. त्याच्या परवान्यात पाहुण्यांची सोय होते. याहून मोठ्या, माणशी तिकीट लावणाऱ्या बोटींना हेडबोट म्हणतात. त्या बहुधा खुल्या समुद्रातल्या खडकांवर जातात. खाडीतली सफर अर्ध्या दिवसाची, समुद्रातली पूर्ण दिवसाची. दोन्हींचा हिवाळा वेगवेगळा असतो.

आधी खाडी. इतकं उथळ पाणी हवेबरोबर झपाट्याने गार होतं. हिवाळ्यात दर आठ-दहा दिवसांनी उत्तरेकडून थंड हवेची एक आघाडी उतरते. ती यायच्या आदल्या दिवशी वारा दक्षिणेचा, हवा उबदार, दाब उतरता. मासा अधाशासारखा खातो. मग वारा फिरून वायव्येचा होतो, आभाळ लखलखीत निळं होतं, पारा कोसळतो आणि दोन-तीन दिवस मासा तोंड उघडत नाही. इथला जाणता कॅप्टन भरतीच्या कोष्टकाआधी वाऱ्याचा अंदाज पाहतो. त्याला कारणही आहे. कोकणात आपण दोन-तीन मीटरची भरती गृहीत धरतो, मुंबईत तर चार मीटरच्याही वर. टॅम्पात चढ-उतार एक मीटरच्या आतबाहेर. एवढ्या लहान भरतीवर वारा सहज मात करतो. सप्टेंबर २०२२मध्ये इयन चक्रीवादळाच्या वाऱ्याने या खाडीतलं पाणी असं बाहेर ओढलं, की शहराच्या काठाशी तळ उघडा पडला. वायव्येचा हिवाळी वारा तेच लहान प्रमाणात करतो. त्यात हिवाळ्यातल्या सर्वांत खोल ओहोट्या बहुधा सकाळच्या वेळी येतात. म्हणजे थंडी, वारा आणि ओहोटी एकदम जुळून आले, की एरवी गुडघाभर पाण्याखाली असलेली समुद्री गवताची मैदानं कोरडी पडतात, आणि त्यांवर चरणारा सगळा मासा खोल खड्ड्यांत, नदीच्या वळणांत, बंगल्यांमागे खोदलेल्या कालव्यांत गोळा होतो.

यात सर्वांत नाजूक प्रकृतीचा मासा म्हणजे स्नूक. लांबट, रुपेरी, अंगावरून शेपटीपर्यंत काळी रेघ गेलेला. मराठी वाचकाने त्याला परका समजू नये. आपल्या जिताड्याला आणि स्नूकला शास्त्रज्ञ पूर्वी एकाच कुळात धरत. आता कुळं वेगळी मानतात. राहणी मात्र सारखीच आहे. दोघंही कांदळवनाच्या मुळांत दबा धरून बसतात, खाऱ्या आणि गोड्या पाण्यात सारख्याच सहजपणे वावरतात, आणि दोघंही जन्माने नर असून मोठेपणी मादी होतात. फरक इतकाच, की जिताड्याला कोकणात थंडीचं भय नाही. स्नूक मात्र टॅम्पात आपल्या वस्तीच्या उत्तर सीमेजवळ राहतो. पाणी १५-१६ अंशांखाली गेलं की तो सुस्तावतो. दहा-बारा अंशांवर येऊन काही दिवस तिथेच राहिलं तर मरतो.

जानेवारी २०१०मध्ये नेमकं तेच झालं. एक-दोन रात्रींची थंडी मासा सोसतो. पण त्या वर्षी महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात थंडी हललीच नाही आणि राज्यभर स्नूक मोठ्या संख्येने मेले. राज्याच्या मत्स्य व वन्यजीव आयोगाने ताबडतोब स्नूक ठेवून घेण्यावर बंदी आणली. अटलांटिक बाजूची बंदी त्याच वर्षी उठली. आखाताच्या बाजूची सप्टेंबर २०१३पर्यंत, म्हणजे साडेतीन वर्षांहून अधिक काळ राहिली. चार्टरवर पोट असलेल्या कॅप्टनांच्या हातातला हा मानाचा मासा होता. तरीही, माझ्या मते, ती बंदी पूर्णपणे योग्य होती. मेलेला साठा भरून येण्याआधी उरलेला खाऊन टाकला असता, तर आजचे कॅप्टन हा मासा फक्त फोटोत दाखवत राहिले असते.

स्नूक जगतो तो ऊब शोधून. टॅम्पाच्या पूर्व किनाऱ्यावर, अपोलो बीचजवळ बिग बेंड नावाचं वीजकेंद्र आहे. तिथून कोमट पाणी खाडीत सोडलं जातं. खाडीचं पाणी वीस अंशांच्या आसपास उतरलं, की शेकडो मॅनेटी, म्हणजे आपल्याकडच्या समुद्रगाईचे लांबचे नातेवाईक, तिथे जमतात. त्यांच्या सोबतीला स्नूक, टार्पन आणि शार्कही. तो कालवा मॅनेटींसाठी राखीव असल्याने बोटींना बंद आहे. पण नद्यांचे खोल डोह आणि कालव्यांची टोकं राखीव नाहीत. तिथे शंभर-दीडशे मासे एका जागी अर्धवट गुंगीत उभे असतात. १ डिसेंबर ते फेब्रुवारीअखेर आखाताच्या बाजूला स्नूक घरी नेता येत नाही, तो याच कारणाने. पकडून सोडायला परवानगी आहे. पण गारठलेल्या माशाला दोरीवर खेळवून, हवेत धरून, फोटो काढून परत सोडणं हे सोडणं नव्हे. पाणी पंधराच्या खाली असेल त्या दिवशी त्या डोहाकडे बोट न वळवणारा कॅप्टन मला सगळ्यांत भरवशाचा वाटतो.

मग हिवाळ्यात धरायचं काय? घोळ-ढोम्यांच्या कुळातले सी-ट्राउट आणि रेडफिश आहेतच. ऊन चढून काळसर चिखलाचा तळ तापला, की ते दुपारी उथळ पाण्यावर परततात. म्हणून जानेवारीत पहाटे निघण्यापेक्षा दहाला निघालेली बोट शहाणी. पण हिवाळ्याचा खरा मासा शीपशेड. अंगावर काळे उभे पट्टे, आणि तोंडात माणसासारखे सरळ पुढचे दात. त्या दातांनी तो खांबांवरचे बार्नॅकल आणि कालवं फोडून खातो. कोळंबी किंवा एक नांगी मोठी असलेला चिमुकला खेकडा गळाला लावतात. तो आमिष इतक्या अलगद काढून घेतो, की नवख्याला पत्ताही लागत नाही.

शीपशेडची नामांकित जागा एका अपघातातून तयार झाली. ९ मे १९८० रोजी वादळी पावसात ‘समिट व्हेंचर’ हे मालवाहू जहाज खाडीच्या तोंडावरच्या सनशाइन स्कायवे पुलाला धडकलं. पुलाचा एक भाग कोसळला, ३५ माणसं गेली. १९८७मध्ये नवा पूल झाला. जुन्याची दोन्ही टोकं मासेमारीचे धक्के म्हणून राखली आणि मधलं सिमेंट जवळच तळाशी रचून कृत्रिम रीफ केले. कठीण, खडबडीत पृष्ठभाग मिळाला की बार्नॅकल चिकटतात आणि त्यांच्यामागे शीपशेड येतो. हिवाळा सरताना तो अशा जागी अंडी घालायला जमतो, म्हणजे हाही गोळा झालेलाच मासा. माणशी दिवसाला आठ ही मर्यादा, आणि मार्च-एप्रिलमध्ये एका बोटीला एकूण पन्नासची, याचसाठी आहे.

आता बाहेरचा समुद्र. आखाताचा तळ इथे ताटासारखा सपाट. तीस मीटर खोली गाठायला पन्नास-साठ किलोमीटर जावं लागतं. इथले रीफ म्हणजे प्रवाळाची बेटं नव्हेत. वाळूतून वर आलेल्या चुनखडकाच्या कडा, कुठे हातभर तर कुठे पुरुषभर उंच, त्यांवर स्पंज आणि समुद्रपंखे. हिवाळ्यात इथे आपल्या तांबोशीचा सख्खा भाईबंद मँग्रोव्ह स्नॅपर मिळतो, आणि डुकरासारख्या लांब तोंडाचा हॉगफिश. सुरमईच्याच वंशातला किंगफिश मात्र पाणी गार झालं की दक्षिणेला निघून जातो. तो शरदात आणि वसंतातच गाठायचा.

खाडी आणि रीफ यांना जोडणारा मासा आहे गॅग, आपल्या हेकरूच्या गोतातला. तो हिवाळ्याच्या शेवटी किनाऱ्यापासून दूर, खोल उतारावर अंडी घालतो. पिल्लं वाहत येऊन एप्रिल-मेमध्ये खाडीच्या समुद्री गवतात शिरतात, तिथे वाढतात, आणि पहिली थंडी पडली की जवळच्या खडकांकडे निघतात. गॅग जन्माने मादी असतो आणि बऱ्याच वर्षांनी नर होतो, स्नूकच्या अगदी उलट. मोठाच मासा धरत राहिल्याने आखातातल्या गॅगमध्ये नरांचं प्रमाण दोन टक्क्यांच्याही खाली गेलं. २०२३पासून त्याचा हंगाम फार आखूड केला आहे आणि हिवाळी बोटीला तो ठेवता येत नाही. पण नुसत्या हंगामाने काम भागत नाही. टॅम्पातलं समुद्री गवत सांडपाण्यावर नियंत्रण आणल्यावर वाढत जाऊन २०१६मध्ये ४१ हजार एकरांवर पोचलं होतं. २०२२मध्ये ते सुमारे ३० हजारांवर आलं. मधल्या काळात, २०२१मध्ये, पायनी पॉइंट इथल्या जुन्या खत कारखान्याच्या तलावांतून २१ कोटी गॅलनांहून अधिक नायट्रोजनयुक्त पाणी खाडीत सोडावं लागलं, आणि त्याच उन्हाळ्यात विषारी सूक्ष्म शैवालाचा उद्रेक होऊन किनाऱ्यावर मेलेल्या माशांचे खच पडले. गवत गेलं, तर साठ किलोमीटरवरच्या खडकावर बंदी घालूनही गॅग येणार कुठून?

बंद हंगामातला गॅग गळाला लागतोच, म्हणून सोडण्याची रीत महत्त्वाची. तीस मीटर खाली दाब पृष्ठभागाच्या चौपट असतो. मासा भरकन वर ओढला की त्याच्या पोटातली हवेची पिशवी फुगते, जठर तोंडातून बाहेर येतं, डोळे वटारतात. तसाच सोडला तर तो तरंगत राहतो आणि पक्षी किंवा डॉल्फिन त्याला उचलतात. उपाय साधा आहे: वजन लावलेल्या चिमट्याने त्याला पुन्हा खोल नेऊन सोडायचं. दाब वाढला की हवा आपोआप आकसते. असा चिमटा किंवा हवा काढायची पोकळ सुई बोटीवर हाताशी ठेवणं जानेवारी २०२२मध्ये आखाताच्या संघीय पाण्यात बंधनकारक झालं. बाहेर आलेलं जठर टोचू मात्र नये. ती हवेची पिशवी नव्हे.

मुलांकडे फ्लोरिडाला हिवाळ्यात जाणारे मराठी आईवडील आता कमी नाहीत. तुम्ही चार्टर ठरवणार असाल, तर पैसे भरण्याआधी कॅप्टनला विचारा, की खोल पाण्यातला मासा परत कसा सोडता, आणि फार गारठा पडला तर तारीख बदलून द्याल का. उत्तर देताना तो टाळाटाळ करत असेल, तर दुसरी बोट बघा. हंगाम आणि मापं दर वर्षी बदलतात; निघण्याच्या आदल्या दिवशी राज्याच्या मत्स्य व वन्यजीव आयोगाचे चालू नियम वाचून घ्या.