दचकण्याचा दुर्मिळ व्याधी आणि कुचला

अंगावर पाल पडली तर कोणीही दचकतो आणि क्षणात सावरतो. हायपरएक्प्लेक्सिया या दुर्मिळ, बहुधा आनुवंशिक व्याधीत हे सावरणेच हरवलेले असते. दाराची घंटा, कुकरची शिट्टी, पाठीवर पडलेली थाप एवढे निमित्त पुरते. सर्वांग ताठ होऊन रुग्ण तोडलेल्या झाडासारखा कोसळतो. हात पुढे येत नाहीत, कपाळ आणि दात फुटतात. शुद्ध मात्र पूर्ण असते. अपस्मारात स्मृतिनाश हे प्रधान लक्षण असल्याने यास अपस्मार म्हणणे शास्त्राला धरून नाही. असे रुग्ण भिंतीच्या आधाराने चालतात, दिवाळीत घराबाहेर पडत नाहीत. गंमत म्हणून मागून ‘भो’ करणारे महाभाग त्यांच्याही वाट्याला येतातच.

हॉलंडमधील एका मोठ्या कुटुंबातील या व्याधीचे वर्णन १९६६ मध्ये प्रसिद्ध झाले. १९९३ मध्ये जनुकीय मूळ सापडले. मेरुरज्जू व मस्तिष्कमूलात ग्लायसिन हे द्रव्य स्नायूंच्या प्रेरणांना आवर घालते. त्याचे ग्राहकच या रुग्णांत बहुधा सदोष असतात.

कुचल्यातील स्ट्रिक्निन नेमके हेच ग्राहक अडवते. कुचल्याच्या विषबाधेत आवाजाने, स्पर्शाने आक्षेप येतात आणि शुद्ध टिकते, हे अगदतंत्रात आपण सर्वांनी अभ्यासलेले आहे. कुचला निरोगी देहात जे घडवतो, त्याच जातीची विकृती हा रुग्ण जन्मतः घेऊन आलेला असतो. आणि ‘वातव्याधी’ असे निदान होताच आपला हात विषतिंदुक वटीकडे, नवजीवन रसाकडे वळतो! अग्निमांद्यासाठी दिल्या जाणाऱ्या अग्नितुंडी वटीत तर कुचला इतर सर्व घटकांच्या एकत्रित वजनाइतका असतो. शोधनाने स्ट्रिक्निन घटते, नाहीसे होत नाही. म्हणून अशा रुग्णास कुचल्याचा कोणताही कल्प देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. औषधालयचालकांनीही ध्यानात घ्यावे की कुचला अनुसूची ई(१) मधील द्रव्य आहे. वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना वेष्टनावर केवळ शोभेसाठी छापलेली नसते.

नवजात अर्भकात हा व्याधी अधिक घातक ठरतो. हाताळताच बाळ ताठ होते, झोपेत सैल पडते. नाकाच्या शेंड्यावर हलकेच टिचकी मारल्यास प्रत्येक वेळी तितकेच दचकते, सवयीने ते कमी होत नाही. आपल्याकडे न्हाऊ घालताना बाळाचे नाक ओढण्याची प्रथा आहे. तेव्हाच बाळ ताठते, असे आजी सांगू लागल्या तर ते हसण्यावारी नेऊ नये. ताठरपणात श्वास अडकल्यास डोके व पाय पोटाकडे घट्ट वाकवून धरावेत. इटलीतील डॉक्टर विगेव्हानो यांनी १९८९ मध्ये सांगितलेली ही युक्ती प्राण वाचवू शकते. त्यानंतर विनाविलंब रुग्णालय गाठावे.

क्लोनाझेपामने बहुतेकांना चांगला उतार पडतो. आपले औषध सुरू करताना ते परस्पर बंद करू नये. एकाएकी थांबविणे धोक्याचे. सोबत तगर किंवा सर्पगंधा दिल्यास ग्लानी वाढू शकते, हेही लक्षात ठेवावे. निदान झालेल्या रुग्णाच्या केसपेपरवर ‘कुचला वर्ज्य’ असे लाल शाईने लिहावे आणि तीच चिठ्ठी त्याच्या खिशातही द्यावी.